चाचणीचा नंबर

भिंगरीला एका जागी बसवत नाही हे तिचं जन्माचं दुखणं, आणि धंदा निवडला तो नेमका दिवसभर एका जागी बसायचा. कागदावरचं तिचं नाव वेगळं होतं, पण ते फक्त गिऱ्हाइकांच्या तोंडी. घरात ती भिंगरीच. खुर्चीत बसली तरी तिचा उजवा पाय टेबलाखाली सारखा हलायचा, इतका की खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर येऊन विचारून गेल्या होत्या, शिवणयंत्र घेतलंत का म्हणून.

चांगली नोकरी सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलं होतं. कोणाला दुकानासाठी, कोणाला दवाखान्यासाठी, ज्याला जसं हवं तसं सॉफ्टवेअर एकटीने बनवून द्यायचं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, काय मजा आहे! ना बस पकडायची, ना साहेबाचं तोंड बघायचं. दुरून डोंगर साजरे. आई पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "एक साहेब नको म्हणून नोकरी सोडलीस ना? आता दहा साहेब झाले तुला." आईचं हे एक वाईट होतं. ती बोलायची ते खरं निघायचं.

त्या दहांतला सगळ्यात चिवट साहेब म्हणजे फर्निचरवाला. त्याच्या दुकानाचं सॉफ्टवेअर तिने कधीच पुरं करून दिलं होतं, पण फर्निचरवाल्याच्या मते ते अजून सुरूच व्हायचं होतं. "मॅडम, एक छोटासा बदल आहे. पाच मिनिटांचं काम," असं म्हणून तो फोन करायचा आणि मग स्वतःच तासभर बोलायचा. पाच मिनिटांचं काम आहे असं जो सांगतो त्याने ते काम जन्मात कधी केलेलं नसतं, हे भिंगरीचं ठाम मत. पण मत मनात ठेवून ती "हो, बघते" म्हणायची, कारण नाही म्हणायला साहेब लागतो आणि तो तर तिने सोडून दिला होता.

शिवाय घरी असते म्हणजे रिकामी असते, असा सगळ्या गोतावळ्याचा पक्का समज. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, पण त्याची पार्सलं भिंगरीच्या दारात यायची. काकूंकडे नळ दुरुस्त करणारा यायचा असला की किल्ली भिंगरीकडे. "तू काय, घरीच तर असतेस!" हे वाक्य ती दिवसातून इतक्यांदा ऐकायची की तिला वाटे, एखाद दिवशी आपण उठून ऑफिसला जायचं नाटकच करावं, डबा-बिबा घेऊन.

फक्त आई तिला कामाला लावत नसे. पण ते आपसूक झालं नव्हतं.

झालं होतं असं. डोळ्यांच्या एका मोठ्या दवाखान्याचं काम भिंगरीच्या हाती येऊ घातलं होतं. पेशंटची नोंद, तारखा, त्यांना जाणारे मेसेज, सगळं कागदाशिवाय करायचं. डॉक्टर म्हणाले होते, "नीट चाललं तर माझ्या ओळखीचे आणखी दोन दवाखाने आहेत, त्यांना सांगतो." भिंगरीची सगळी मदार यावर होती. दादाने तिला वर्षभराची मुदत दिली होती. वर्षभर हौस भागव, नाही जमलं तर मुकाट्याने नोकरी धर. आणि तिनेही तोऱ्यात हो म्हटलं होतं. वर्ष आता सरत आलं होतं. तर त्या डॉक्टरांना ती लॅपटॉपवर पहिल्यांदा काम करून दाखवत होती, समोर पडद्यावर डॉक्टर, आणि तेवढ्यात आई फोन हातात घेऊन खोलीत आली.

"अगं, ही ओळ मला अर्धीच का दिसते? बघ ना जरा."

"आई, मी काम करतेय!" भिंगरी खेकसली. "घरात आहे म्हणजे रिकामी नाहीये मी! तुलाही कळू नये?"

डॉक्टर पडद्यावर हसले. "असू द्या, असू द्या, आमच्याकडेही असंच असतं," म्हणाले. डोळ्यांचे डॉक्टर समोर, डोळ्यांची तक्रार घेऊन बाई त्यांना ऐकू येईल इतकी जवळ उभी, आणि मधे बसलेल्या पोरीला वाटलं की फोनमध्ये काहीतरी बिघाड असेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आई "बरं" म्हणाली आणि दार हलकेच ओढून घेऊन गेली. संध्याकाळी आईची समजूत काढायची असं भिंगरीने ठरवलं होतं, पण संध्याकाळी फर्निचरवाल्याकडे सगळ्या खुर्च्यांच्या किमती शून्य दिसायला लागल्या आणि ते राहून गेलं. त्या दिवसापासून आईने कामाच्या वेळात तिला हाक मारली नाही. आणि भिंगरीची कामाची वेळ म्हणजे उठल्यापासून झोपेपर्यंत.

दवाखान्याचं काम मिळालं. त्यात मेसेज पाठवायचा भाग मोठा होता, आणि मेसेज खरंच जातो का हे बघायला एक खरा फोन लागतो. भिंगरीने टाकला आईचा नंबर. हल्ली कोणाला कोणाचा नंबर पाठ असतो? तिला जगातला हा एकच पाठ होता. लहानपणी बाबांनी तो घोकून घेतला होता, गर्दीत हरवलीस तर कोणालाही हा सांग म्हणून. बाबा गेले, तो नंबर राहिला. एरवी काहीही बनवलं की भिंगरीची बोटं तोच नंबर टाईप करायची. गेले कित्येक महिने आईला आपण व्यायामशाळेचं सभासदत्व घेतल्याचे, तीन दारांचं कपाट मागवल्याचे आणि ते वाटेत असल्याचे मेसेज येत होते.

सुरुवातीला त्याची गंमत होती. भिंगरी बटण दाबायची, स्वयंपाकघरात टिंग वाजायचं आणि आई तिथूनच ओरडायची, "आला गं!" भिंगरी खोलीतून ओरडायची, "बरं!" असं दिवसभर चालायचं. "कपाट निघालं म्हणतात, आता ठेवू कुठे?" अशी आईची पुस्तीही असायची. मग भिंगरीने एक सोय केली. मेसेज पोचला की तिच्याच पडद्यावर हिरवी खूण उमटायला लागली. आईने "आला गं" म्हटलं तरी आता "बरं" म्हणायची गरज उरली नाही. चार-सहा वेळा नुसतीच हाक मारून आईनेही मग ती बंद केली.

दवाखान्यात सॉफ्टवेअर सुरू झालं, पहिला आठवडा बरा गेला, आणि एका दुपारी काउंटरवरच्या मुलीचा फोन आला. फर्निचरवाला आधीच दुसऱ्या फोनवर लटकलेला होता.

"मॅडम, आमच्या यादीत तुमची खोटी माणसं घुसलीत! 'अबक' नावाचा पेशंट, वय नऊशे नव्व्याण्णव. 'टेस्ट टेस्ट' नावाची बाई. आत्ता डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, हे अबक कोण म्हणून. सगळे पेशंट हसायला लागले. डॉक्टर चिडलेत."

चाचणीसाठी भरलेली माणसं भिंगरीने खऱ्या यादीतून काढायचीच राहिली होती. "दोन मिनिटांत साफ करते," ती म्हणाली. इकडे फर्निचरवाला कानात ओरडत होता, हॅलो, हॅलो मॅडम, पाच मिनिटांचं काम आहे. दारावर दादाचं पार्सल आलं होतं आणि बेल वाजत होती.

आता खोटी माणसं ओळखायची कशी? सोपं होतं. त्या सगळ्यांचा फोन नंबर एकच होता, आईचा. भिंगरीने एका ओळीचा हुकूम लिहिला. हा नंबर ज्या ज्या नोंदीवर आहे ती नोंद पुसून टाक. तिच्या धंद्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की असा हुकूम सोडण्याआधी काय काय पुसलं जाणार आहे ते डोळ्यांखालून घालायचं असतं. आधी बघावं, मग पुसावं. भिंगरी हे दुसऱ्यांना शिकवायची. पण बेल वाजत होती, कानात फर्निचरवाला होता, पाय शिवणयंत्रासारखा चालला होता. तिने बटण दाबलं आणि दार उघडायला धावली.

अबक गेला. टेस्ट टेस्ट गेली. आणि त्यांच्याबरोबर एक खरी बाई गेली.

हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं, कारण भिंगरीला कळायला उशीर लागणार आहे. दोनच दिवसांपूर्वी आई "बाजारातून येते" म्हणून घराबाहेर पडली होती, ती सरळ या दवाखान्यात गेली होती. आपल्या भिंगरीचा दवाखाना, म्हणून मुद्दाम तिथेच. आपण कोणाची आई हे तिने सांगितलं नाही. ओळख सांगून रांग मोडली असं लेकीच्या नावावर नको. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सोबत कोण आहे, आजी?" आई म्हणाली, "कोणी नाही." डॉक्टरांनी तपासलं; पडद्यावर त्यांनी तिचा नुसता आवाज ऐकला होता, त्यामुळे ओळखलं नाही. काचबिंदू निघाला. डोळ्यांतला दाब फार वाढलाय, डाव्या डोळ्याची कडेची नजर चालली आहे, थेंब लिहून देतो, पण छोटं ऑपरेशन लवकर करायला हवं, उशीर केलात तर गेलेलं परत येणार नाही. "तारीख आमच्याकडून मेसेजने येईल. आता सगळं मेसेजवर असतं," डॉक्टर कौतुकाने म्हणाले. आई मान डोलवून घरी आली आणि मेसेजची वाट बघत बसली.

तो मेसेज आता येणार नव्हता. पाठवणाऱ्या यंत्राच्या लेखी आई नावाची कोणी बाई नव्हतीच.

पुढचे दिवस भिंगरीने असे काढले की तिला विचाराल तर ती म्हणेल, फार कामाचे होते. व्यायामशाळावाल्याला सभासदांचे फोटो गोल हवे होते, मग चौकोनी हवे होते, मग परत गोल. ती खोलीत फेऱ्या मारायची, खिडकी उघडायची, लावायची, फ्रिज उघडून नुसतीच बघत उभी राहायची. असंच एकदा फ्रिजच्या दारात तिला थेंबांची इवलीशी बाटली दिसली. दादाच्या पोराची कानाची असेल, असं म्हणून तिने फ्रिज लावून टाकला. आई पेल्यात पाणी ओतताना ओट्यावर ओतते, दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटते, हेही तिला दिसलं. "आई, लक्ष कुठे असतं तुझं?" ती म्हणाली. लक्ष कोणाचं कुठे होतं ते सांगायला नको.

आई फोन हातातून खाली ठेवीना. न्हाणीघरात जातानाही बरोबर.

"कोणाचा एवढा फोन यायचाय तुला?" भिंगरीने चेष्टा केली.

"येईल तेव्हा येईल," आई म्हणाली. मग जरा थांबून, भांडी पुसत पुसत, "तुझा तो दवाखाना नीट चाललाय ना गं? मेसेज जातात ना सगळ्यांना वेळेवर?"

भिंगरीने कान टवकारले. "का? कोणी काही बोललं का? तक्रार आहे का कोणाची?"

"छे गं, सहज विचारलं."

"कोणी बोललं असेल तर सांग. वर्ष संपत आलंय, आई. हे एक काम बिघडलं ना, तर दादा मला हाताला धरून नोकरीवर नेऊन बसवेल."

"कोणी काही बोललं नाही," आई म्हणाली. "तुझं काम चांगलंच असतं." आणि विषय तिथे संपला. आईने त्यानंतर विचारलं नाही. दवाखान्यात जाऊन विचारणं तर लांबच. तिथे जाऊन माझा मेसेज आला नाही म्हणणं म्हणजे भर काउंटरवर लेकीचं उणं काढणं. बाटलीतले थेंब संपले तरी ती थांबली. आपल्या डोळ्यापेक्षा तिला लेकीचा शब्द मोठा वाटला. असलं प्रेम पोरांच्या अंगाशी येतं, पण ते आयांना कोण सांगणार?

मग डॉक्टरांनी नवीन फर्माईश केली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला आठवण करून देणारा मेसेज हवा. भिंगरीने तो आपल्या लॅपटॉपवरच्या चाचणीच्या प्रतीत बनवला, खऱ्या यादीला हात न लावता. या वेळी ती शहाणी झाली होती. मजकूर मात्र डॉक्टरांनी दिलेला, जसाच्या तसा टाकला, दवाखान्याच्या नावासकट. "उद्या आपले डोळ्याचे ऑपरेशन आहे. सकाळी लवकर, रिकाम्या पोटी यावे." नंबराच्या जागी बोटांनी आपोआप तोच नंबर टाईप केला. तिने बटण दाबलं. हिरवी खूण उमटली. स्वयंपाकघरात टिंग वाजलं ते तिने ऐकलंही, पण तेवढ्यात फर्निचरवाल्याचा फोन आला. त्याच्याकडे आता खुर्च्यांच्या जागी टेबलं दिसत होती.

स्वयंपाकघरातून "आला गं" अशी हाक आली नाही. ती तर कधीचीच बंद झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी उठली तेव्हा ओट्यावर तिचा एकटीचा चहा झाकून ठेवलेला होता. आईचा कप कोरडा, पालथा. आई बाहेर जायचे कपडे घालून, पर्स मांडीवर घेऊन दाराजवळच्या स्टुलावर बसली होती, चप्पलसुद्धा घातलेली.

"कुठे निघालीस इतक्या लवकर? चहा नाही घेतलास?"

"आल्यावर घेईन. जरा जाऊन येते. उशीर झाला तर जेवून घे," आई म्हणाली. आणि दारात वळून उगाचच, "तुझं काम चांगलं आहे हो," असं म्हणून जिना उतरायला लागली, एक हात भिंतीला लावून. भिंगरीला ते ऐकून बरं वाटलं. आईच्या कोरड्या कपाशी त्याचा काही संबंध असेल असं तिच्या डोक्यातही आलं नाही. डोकं व्यायामशाळेच्या गोल फोटोंत होतं.

ती व्यायामशाळावाल्याशी बोलत असताना दवाखान्याचा फोन आला. तिने त्याला "एक मिनिट" म्हटलं.

"मॅडम, तुमच्या सॉफ्टवेअरचं काहीतरी बिनसलंय," काउंटरवरची मुलगी सांगू लागली. "आज आमचा ऑपरेशनचा दिवसच नाही. आणि इथे एक आजी सकाळपासून उपाशी येऊन बसल्यात. त्यांच्या फोनमध्ये आपल्या नावाचा मेसेज आहे, उद्या ऑपरेशन म्हणून, कालचा. पण यादीत त्यांचं नावच नाही. मागे एकदा इथे तपासून गेले म्हणतात, त्याचीही नोंद नाही. मी म्हटलं, थांबा, सॉफ्टवेअरवाल्या मॅडमना विचारते. तर त्यांनी माझा हातच धरला. म्हणाल्या, नको नको, त्यांना फोन नको करू, सॉफ्टवेअर चांगलं आहे, माझीच चूक असेल, मला नीट दिसत नाही. आता काय करू? पाठवून देऊ का घरी?"

भिंगरीचा हलता पाय थांबला.

"नंबर सांगा त्यांचा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

मुलीने नंबर वाचायला सुरुवात केली. पहिले तीन आकडे ऐकले आणि पुढचे भिंगरीनेच म्हटले, लहानपणी बाबांपुढे उभी राहून म्हणायची तसे, एका दमात. हरवलीस तर सांगायचा नंबर. हरवली होती ती दुसरीच कोणी होती.

"हां, हाच. तुम्हाला कसा माहीत?"

"त्यांना घरी पाठवू नका," भिंगरी म्हणाली. "मी येतेय. त्यांना सोडू नका, हात धरून ठेवा त्यांचा."

व्यायामशाळावाला दुसऱ्या फोनवर हॅलो हॅलो करत राहिला. भिंगरी जिना उतरली तेव्हा तिच्या पायात दोन वेगळ्या चपला होत्या, एक तिची, एक आईची. आयुष्यभर पायाला भिंगरी लावून हिंडलेली पोरगी, पण धावायचं खरं कारण तिला आज पहिल्यांदा मिळालं होतं. तिला सगळं एकदम दिसत होतं. ती बाटली, ओट्यावर सांडलेलं पाणी, अर्धीच दिसणारी ओळ, मेसेज जातात ना सगळ्यांना. आणि तो हुकूम. स्वतःच्या हाताने, एका ओळीत. रस्ताभर ती स्वतःला शिव्या घालत होती, मोठ्याने, लोक वळून बघत होते, तिला फिकीर नव्हती.

दवाखान्यात बाकांच्या रांगेत आई कडेला बसली होती, पर्स दोन्ही हातांत धरून. भिंगरी उजवीकडून आली म्हणून तिला दिसली.

"अगं, तू कशाला आलीस? तुझं काम—"

"आई, तुला मी पुसलं," भिंगरी म्हणाली. धाप लागली होती, वाक्य सरळ येईना. "यादीतून. ती खोटी माणसं काढायची होती. सगळ्यांवर तुझा नंबर होता. मी न बघता पुसलं. तुला तारीख आली नाही ती माझ्यामुळे. आणि कालचा मेसेज मीच पाठवला, तो खोटा होता. चाचणीचा."

काय ते नीट कळायला आईला जरा वेळ लागला. मग ती म्हणाली, "जन्मभर सांगतेय, घरातली फरशी पूस, ती कधी पुसली नाहीस. आणि मला पुसलंस?"

काउंटरवरची मुलगी फिस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली, कारण भिंगरी रडत होती. सगळ्या बाकांसमोर, नाक ओढत, लहान पोरीसारखी.

डॉक्टर बाहेर आले. मुलीने तोंड उघडायच्या आत भिंगरीनेच त्यांना सगळं सांगितलं. आईला दोष देऊन, नाहीतर सॉफ्टवेअरचा एखादा बिघाड सांगून ती सुटली असती. या धंद्यात बिघाडाच्या पाठीमागे लपायला पुष्कळ जागा असते. पण तिला तेव्हा ते सुचलंसुद्धा नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढला, परत लावला. "हे दुसऱ्या कोणाच्या आईचं झालं असतं तर?"

"दुसऱ्या कोणाचा नंबर मी खेळायला घेतला नसता," भिंगरी म्हणाली. हे बोलल्यावर तिला कळलं की हेच तर सगळ्यात वाईट होतं.

डॉक्टरांनी आईला आत नेलं. भिंगरी काउंटरमागे मुलीच्या खुर्चीत बसली. रोज सगळ्या नोंदींची एक प्रत आपोआप बाजूला काढून ठेवली जाईल, एवढी अक्कल तिने ते बनवताना दाखवली होती. पुसण्याच्या आदल्या दिवसाची प्रत तिने शोधली, आईची नोंद उचलली आणि जागेवर परत ठेवली. या वेळी तिने आधी बघितलं, दोनदा बघितलं, आणि मगच बटण दाबलं. फर्निचरवाल्याचा फोन वाजत होता. तिने तो बंद करून पर्समध्ये टाकला.

मुलीने नोंद पडताळायला मोठ्याने वाचायला घेतली. नाव बरोबर. वय बरोबर. तातडीचं ऑपरेशन, हो. "सोबत कोण... कोणी नाही. बरोबर?"

"चूक," भिंगरी म्हणाली. "मुलगी आहे. बदला ते."

आई आतून आली तेव्हा तिच्या डोळ्यांत थेंब घातलेले होते, तिला चाचपडत चालावं लागत होतं. डॉक्टर मागोमाग आले. "डाव्या डोळ्याची कडेची नजर आणखी थोडी गेली आहे," ते म्हणाले. "या उशिराने किती आणि आधीची किती, ते मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही. गेलेली परत आणता येत नाही, राहिलेली राखू. उद्या पहिलं ऑपरेशन यांचं, उद्याची यादी मी बदलतो." त्या दोन दवाखान्यांचा विषय त्यांनी काढला नाही. भिंगरीनेही काढला नाही. आणि डॉक्टरांना ते सांगता येणार नाही, म्हणजे आपल्यालाही ते कधीच कळणार नाही, किती आपल्यामुळे गेली, हे तिला तिथे उभ्या उभ्या समजलं. ते तिच्या मनातून आता जाणार नव्हतं.

ती आईला धरून बाकावर बसली. आईच्या डाव्या बाजूला, जिथलं आईला दिसत नव्हतं. नोकरी तर नोकरी, असं तिच्या मनात आलं, आणि आश्चर्य म्हणजे त्याची भीती वाटली नाही. आईचा खांदा तिच्या खांद्याला लागत होता आणि आई सकाळपासून उपाशी होती.

"चहा हवाय मला," आई म्हणाली.

"आणते. एवढी तारीख घालू दे त्यांना."

काउंटरवरच्या मुलीने कळ दाबली. आईच्या पर्समध्ये टिंग वाजलं.

"आला गं!" आई ओरडली. भिंगरी अगदी खेटून बसली होती, तरी स्वयंपाकघरातून ओरडायची तेवढ्या मोठ्याने. सगळे बाकावरचे लोक बघायला लागले. आईने चाचपडत फोन काढला, डोळ्यांसमोर धरला, लांब धरला, तिला एक अक्षर दिसेना. मग तो भिंगरीच्या हातात देत तिने विचारलं,

"बघ गं. हा तुझा आहे, की खरा?"

भिंगरीने मेसेज वाचला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकही ओळ न सोडता, मोठ्याने.

"खरा आहे, आई," ती म्हणाली.

"बरं," आई म्हणाली.